एक दिवस दिग्दर्शनाचा, बाकीचे इतरांचे

यंदाच्या अंकाचा विषय ‘शिकणं’ असा ठरला, तेव्हा संपादकांनी प्रत्येकाला एकेक शाळा वाटून दिली. कुणाच्या वाट्याला कुस्तीची तालीम आली, कुणाच्या वाट्याला कीर्तनाची. माझ्याकडे सिनेमा आला. पुण्यात सिनेमाची शाळा शोधावी लागत नाही. लॉ कॉलेज रोडवर रिक्षावाल्याला नुसतं ‘फिल्म इन्स्टिट्यूट’ म्हटलं की तो फाटकाशी आणून सोडतो.

तिथं दिग्दर्शन शिकणारी एक मुलगी मला आठवडाभर सोबत येऊ द्यायला तयार झाली. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची. वडील एसटीत कंडक्टर होते. तिची एकच अट होती: “नाव छापू नका. माझ्यावर लिहू नका, कामावर लिहा.” त्या आठवड्यात तिचं संवादाच्या सरावाचं शूट होतं. दोन पात्रं, एक खोली, स्टुडिओत उभारलेला सेट, दिवस एक.

तिच्या खोलीच्या दाराला आतून वेळापत्रक चिकटवलेलं होतं. त्यात स्वतःच्या शूटचा वार एकच, गुरुवार. सोमवारी रात्री एका वर्गमित्राच्या शूटवर कंटिन्युइटी, बुधवारी दुसऱ्या एकीच्या शूटवर क्लॅप आणि बूम. मध्ये वर्ग, पटकथेची चर्चा, सेटवर सुताराबरोबर माप घेणं, संध्याकाळी स्क्रीनिंग. शुक्रवारी संकलन आणि शनिवारी कच्चा कट दाखवायचा. उरलेल्या वेळेत झोप, असं तिनंच खाली पेन्सिलीनं लिहिलेलं होतं.

आपल्याकडे सिनेमाची चर्चा दिग्दर्शकाच्या नावानं होते आणि पोस्टरवरही ते नाव एकट्याचं असतं. पण दिग्दर्शन शिकतात कसं, हे पाहायला गेलं तर दिसतात ती इतरांच्या कामात अडकलेली माणसं. मला या आठवड्यात सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटली, म्हणून लेखात तीच धरून चाललो आहे.

प्रभातच्या आवारात

इन्स्टिट्यूट ज्या जागेवर आहे ती प्रभात फिल्म कंपनीची. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी या पाच जणांनी १९२९ साली कोल्हापुरात कंपनी काढली आणि १९३३ साली ती पुण्यात आणली. ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’ इथंच झाले. पुढं कंपनी बंद पडली आणि १९६० साली सरकारनं या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. प्रभातच्या काळातला स्टुडिओ अजून वापरात आहे. विद्यार्थी आजही त्याच छताखाली लाइट लावतात.

इथं येणाऱ्या पाहुण्याला सगळे आधी ते आंब्याचं झाड दाखवतात, ज्याखाली दिग्दर्शक ऋत्विक घटक मुलांना घेऊन बसत. घटक १९६०च्या दशकाच्या मध्यात इथं थोडाच काळ होते, पण त्यांच्या आठवणी संपत नाहीत. मला मात्र झाडापेक्षा प्रभातच्या पाच जणांची कामाची वाटणी जास्त बोलकी वाटते. दामले आवाज आणि प्रयोगशाळा सांभाळत, फत्तेलाल नेपथ्य, धायबर कॅमेरा, शांताराम दिग्दर्शन, कुलकर्णी पैशांचा हिशोब. ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला तो दामले आणि फत्तेलाल यांनी, म्हणजे ज्यांनी आधी वर्षानुवर्षं ध्वनियंत्रं आणि पडदे हाताळले होते त्यांनी. शांतारामबापूही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत शिकले. त्या पिढीला शाळा नव्हती. दुसऱ्याच्या कामाला हात लावणं हीच त्यांची शाळा होती.

त्यांच्याही आधी दादासाहेब फाळके. १९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले, तंत्र समजून घेतलं, कॅमेरा आणला आणि आधी काय केलं, तर कुंडीत वाटाणे पेरले. कॅमेरा समोर ठेवून रोज थोडं थोडं चित्रण, महिनाभर. मिनिटभराच्या त्या फिल्ममध्ये कोंब फुटून वेल वर चढताना दिसतो. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा, पण त्याच्या आधीचा हा वाटाणा म्हणजे आजच्या भाषेत सरावाची फिल्म. आणि कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं हे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या. सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच करत. आपल्या सिनेमाचा पहिला विद्यार्थी एकटा नव्हता.

कागदावर आधी

मंगळवारी सकाळी शिक्षकांसमोर तिची पटकथा होती. गोष्ट एवढीच: निवृत्त कंडक्टर आणि त्याची मुलगी. मुलगी नोकरीसाठी पुण्याला जायचं ठरवून आली आहे, ते वडिलांना सांगायचं आहे. वडील टेबलाशी बसून चिल्लर मोजत आहेत.

पहिल्या मसुद्यात भिंतीवर तिकीट पंच करायचा चिमटा टांगलेला होता, खुंटीला खाकी शर्ट होता आणि शर्टावर बिल्ला. शिक्षक म्हणाले, “कंडक्टर आहे हे तू तीनदा सांगतेस. मोजतो कसा ते दाखव की.” ती थोडा वेळ गप्प बसली. मग टेबलावर आपलीच चिल्लर ओतून दाखवायला लागली. वडील नाणी मोजत नसत, दहा-दहाच्या चळती करत आणि बोटाच्या पेरानं चळतीची उंची जुळवून पाहत. मोजणं डोळ्यांनी नाही, बोटांनी. चिमटा, शर्ट, बिल्ला सगळं खोडलं गेलं. गावाकडच्या घरातली एक सवय सेटवर आली आणि तीन वस्तूंचं भाडं वाचलं.

मग शॉट डिव्हिजन. पानाच्या डाव्या बाजूला संवाद, उजवीकडे शॉट, आणि वेगळ्या कागदावर खोलीचा नकाशा. ओटा कुठं, टेबल कुठं, खिडकी कुठं, दार कुठं. टेबलाशी बसलेला बाप आणि ओट्याशी उभी मुलगी यांना जोडणारी एक काल्पनिक रेघ तिनं लाल शाईनं ओढली. कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला राहिला तर एकाचा चेहरा डावीकडे आणि दुसऱ्याचा उजवीकडे बघताना दिसतो, आणि दोघं एकमेकांशी बोलत आहेत हे प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. रेघ ओलांडली की दोघंही एकाच दिशेला बघू लागतात आणि जोडल्यावर ती तिसऱ्याच कुणाशी बोलताहेत असं वाटतं. तिची अडचण अशी की मुलगी मध्येच उठून बापाच्या मागून खिडकीशी जाते, म्हणजे रेघच फिरते. तासभर कागद इकडून तिकडे सरकत राहिला. शेवटी ठरलं, की मुलगी चालत जाताना कॅमेऱ्यानं तिला पूर्ण बघायचं, मध्ये तोडायचं नाही. प्रेक्षकानं तिला जाताना पाहिलं की नवी रेघ त्याच्या डोक्यात आपोआप तयार होते.

त्याच संध्याकाळी मेन थिएटरमध्ये जपानी दिग्दर्शक ओझूचा १९५३चा ‘टोकियो स्टोरी’ होता. ओझू ही रेघ खुशाल ओलांडतो. कॅमेरा जमिनीलगत आणि बोलणारा माणूस जवळजवळ थेट लेन्सकडे बघणारा. सकाळी जी रेघ तिनं एवढ्या कष्टानं सांभाळली, ती पडद्यावर दर दोन मिनिटांनी पुसली जात होती आणि काहीच बिघडत नव्हतं. बाहेर आल्यावर कट्ट्यावर यावर जोरदार वाद झाला. तिचं म्हणणं असं, की ओझूला पुसता येते कारण ती कुठं आहे हे त्याला ठाऊक आहे. मला ते पटतं. इथं सकाळी नियम शिकवतात आणि संध्याकाळी तो मोडणारा थोर माणूस दाखवतात. या क्रमातच या शाळेची खरी हुशारी आहे.

दुसऱ्याच्या शूटवर

सोमवारच्या रात्रीबद्दल सांगायचं राहिलं. वर्गमित्राचं शूट संध्याकाळी सुरू होऊन पहाटेपर्यंत चाललं आणि ती कंटिन्युइटी बघत होती. कंटिन्युइटी म्हणजे टेकचा हिशोब. पेला कुठल्या हातात होता, बाही कोपरापर्यंत दुमडलेली की मनगटापर्यंत, कुठल्या शब्दावर मान वळली. सिनेमा सलग चित्रित होत नाही. दारातून आत येणं आज, त्याच दाराबाहेरचं उभं राहणं चार तासांनी. मधल्या वेळात चहा निवतो, केस सुटतात, नटाची मनःस्थिती बदलते. संकलनात दोन तुकडे जोडताना उडी दिसली तर तिला इथं ‘जर्क’ म्हणतात, आणि जर्कचं खापर कंटिन्युइटीवर फुटतं.

मध्यरात्रीनंतर त्या दिग्दर्शकाचं एका शॉटवर अडलं. कॅमेरा दारातून लावायचा की खिडकीतून, हे ठरेना. पाऊण तास युनिट थांबलं. लाइट दादा शिडीवर बसून राहिले, नटीनं शाल पांघरली, चहाची दुसरी किटली आली. कुणी चिडलं नाही, पण खोलीतला उत्साह हळूहळू ओसरला आणि पुढच्या तीन टेकमध्ये ते दिसलंही. तिनं वहीच्या मागच्या पानावर एकच ओळ लिहिली: ‘गुरुवारी कुठलाही प्रश्न सेटवर पहिल्यांदा सुचता कामा नये.’ स्वतःच्या शूटवर ही गोष्ट कळली असती तर तिची किंमत तिच्या फिल्मला मोजावी लागली असती.

बुधवारी बूम धरला तेव्हा वेगळंच काही कळलं. बूम म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला लावलेला माइक. तो नटाच्या डोक्यावर, फ्रेमच्या अगदी कडेबाहेर धरायचा, त्याची सावली कुठं पडू द्यायची नाही, आणि बोलणारा बदलला की वळवायचा. कानाला हेडफोन. खांदे भरून येतात ते सोडून द्या, पण हेडफोनमध्ये नटाचा श्वास ऐकू येतो. “वाक्य खोटं निघणार असलं की त्याच्या आधीचा श्वास वरवर येतो,” ती मला जेवताना म्हणाली. दिग्दर्शनाच्या वर्गात ही गोष्ट कुणी सांगितलेली नव्हती.

दुसऱ्यांच्या कामात असं अडकणं इथल्या अभ्यासातच आहे. २०२४ साली कान महोत्सवात विद्यार्थ्यांच्या विभागात पहिलं पारितोषिक मिळवणारा चिदानंद नाईक यांचा कन्नड लघुपट याच संस्थेतला. टेलिव्हिजन विभागाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाच्या शेवटी दिग्दर्शन, छायालेखन, संकलन आणि ध्वनी शिकणारे चौघं मिळून जो एकत्र सराव करतात, त्यातून तो झाला. चित्रणाला चार दिवस होते. बातम्यांत दिग्दर्शकाचं नाव मोठं आलं, त्यात गैर काही नाही. पण त्या सरावाची रचनाच चौघांची आहे.

गुरुवार

तिच्या चौघांत कॅमेऱ्यावर केरळचा मुलगा, ध्वनीवर आसामचा, संकलनाला लखनौची मुलगी. मराठी फक्त तिला येते. सेटवरची भाषा हिंदी आणि इंग्रजीची सरमिसळ, लाइट दादांशी मात्र मराठी. दिवस सुरू व्हायच्या आधी तिनं तिघांना बसवून प्रत्येक ओळ, तिचा अर्थ आणि ती ओळ बोलताना माणूस काय लपवतो आहे ते सांगितलं.

सकाळी खिडकीबाहेर मोठा लाइट लागला. सेटच्या खिडकीबाहेर ऊन नसतं, ते आणावं लागतं. लाइटपुढे स्किमर आला, तेव्हा उन्हाची धार मऊ झाली. बापाच्या चेहऱ्याची अंधारी बाजू उजळायला थर्माकोलची शीट. मागच्या भिंतीवर नको तिथं पडलेला उजेड कापायला काळे कटर. कॅमेऱ्यावरचा मुलगा दर दोन मिनिटांनी म्हणायचा, “दादा, थोडा डाउन,” आणि वरून उत्तर यायचं, “बास?” हे सगळं होईपर्यंत ती नटांना घेऊन कोपऱ्यात बसली होती.

बापाची भूमिका करणारे गृहस्थ पुण्याच्या नाटकांत अनेक वर्षं काम केलेले. हौशी रंगभूमी, राज्य नाट्य स्पर्धा, असं सगळं गाठीशी. ती त्यांना काका म्हणत होती, ते तिला सकाळी ‘बाळ’ म्हणत होते. पहिल्या तालमीत त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. नाटकात तो जावाच लागतो. इथं कॅमेरा त्यांच्या गालापासून दोन हातांवर होता. नवखा दिग्दर्शक अशा वेळी ‘जरा हळू’ म्हणतो. मग नट हळू बोलतो खरा, पण हळू बोलतोय हेच दिसत राहतं.

तिनं तसं म्हटलं नाही. नाण्यांचा डबा त्यांच्यापुढे ठेवला. “काका, तुम्ही बोलू नका. चळती करा. दहाच्या दहा झाल्या का ते पेरानं बघा. बोलणं मध्ये आलं तर येऊ द्या.” काकांनी दोन चळती केल्या, तिसरी बिघडली, परत केली. मुलगी म्हणाली, “बाबा, मी ठरवलंय.” काकांनी वर पाहिलं नाही. “काय ठरवलंस?” हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले तेव्हा आवाज टेबलाच्या पलीकडे जेमतेम पोचला. हाताला काम मिळालं आणि आवाज आपोआप घरातला झाला. ही युक्ती नवी नाही, जुन्या दिग्दर्शकांनाही ती माहीत होती. पण ती समोर घडताना पाहणं फार सुंदर होतं.

लगेच ध्वनीवाला पुढे आला. नाणं नाण्यावर पडतं, नेमकं संवादाच्या शब्दावर, आणि शब्द खातं. त्यानं टेबलाच्या रंगाचं जाड कापड अंथरायला मागितलं. कॅमेऱ्यावरच्या मुलाला लाकूड हवं होतं, कारण लाकडावर खिडकीचा उजेड परततो आणि तोच बापाच्या हनुवटीखाली लागतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर. इथं दिग्दर्शकानं काय करायचं? तिनं ओळी बघितल्या. मोठ्या शॉटमध्ये दोघं बोलतात, तिथं कापड. त्या अंतरावरून कापड दिसत नाही. क्लोजअपमध्ये बाप बोलतच नाही, नुसता मोजतो, तिथं लाकूड. निर्णयाला अर्धा मिनिट लागला. सोमवारच्या रात्रीचा तो पाऊण तास मला आठवला.

आणि मग कंटिन्युइटी. चळती! पहिल्या टेकला ‘ठरवलंय’ या शब्दावर तीन चळती पूर्ण होत्या. दुसऱ्या टेकला काका रंगात आले आणि चौथी झाली. ज्या वर्गमित्राच्या शूटवर ती सोमवारी राबली, तोच आज वही घेऊन तिच्या बाजूला होता. त्यानं फोनवर प्रत्येक टेकच्या शेवटी टेबलाचा फोटो घेतला, आणि दर टेकच्या आधी काकांच्या पुढ्यात नेमकी तेवढीच नाणी मोजून ठेवली. नाणी मोजणाऱ्या बापाच्या फिल्ममध्ये सर्वांत जास्त नाणी त्या मुलानं मोजली.

“सायलेन्स. रोल साउंड.” “स्पीड.” “रोल कॅमेरा.” “रोलिंग.” “शॉट चार, टेक दोन.” क्लॅप. मग दोन श्वासांइतकं थांबून, अगदी साध्या आवाजात, ती “ॲक्शन” म्हणायची. दुपारनंतर काका तिला ‘बाळ’ म्हणायचे थांबले. चहाच्या वेळी त्यांनी आपणहून विचारलं, “दिग्दर्शक, शेवटच्या वाक्याला मी बघू का तिच्याकडे?”

शेवटचं वाक्य बापाचं आहे. मुलीला जाऊ नको म्हणत नाही, जा असंही म्हणत नाही. एक चळत उचलून तिच्या हातात देतो: “सुटे असू देत जवळ.” तिनं दोन्ही घेतलं, एक टेक बघून आणि एक न बघता. शिक्षकांनी सांगून ठेवलं होतं की पर्याय म्हणून टेक घेऊ नका, ठरवून घ्या. फिल्मच्या काळात ही शिस्त आपोआप यायची. ३५ मिलिमीटरचा ४०० फुटांचा रोल साडेचार मिनिटांच्या आत संपतो, आणि कॅमेऱ्याच्या घरघरीबरोबर पैसे जाताना ऐकू येतात. कार्डवर चित्रण करताना काहीच संपत नाही, म्हणून ती शिस्त आता मुद्दाम शिकवावी लागते. तिनं ही एकच सूट घेतली आणि वहीत तसं लिहून ठेवलं.

पॅकअप झाल्यावर कॅमेरा पेटीत गेला, लाइट उतरले, काका रिक्षानं गेले. ध्वनीवाल्यानं मात्र सगळ्यांना पाच मिनिटं बाहेर काढलं. खोलीची स्वतःची शांतता मिनिटभर टिपून घेतली, कारण संकलनात दोन वाक्यांमध्ये पूर्ण निःशब्द तुकडा आला तर प्रेक्षकाला आवाज तुटल्यासारखा वाटतो. मग एकट्यानं नाणी लाकडावर पाडली, चळत ढकलली, फरशीवर मुलीच्या चपला घालून चालला, दाराची कडी लावली आणि काढली. प्रत्येकाचे तीन-तीन टेक. फोनवर बोलत बाहेर फिरणाऱ्या कुणालाही हे काम दिसलं नाही.

संकलनाच्या टेबलावर

शुक्रवारी सकाळी लखनौच्या मुलीनं आधी चित्र आणि आवाज जुळवले. क्लॅपच्या फळ्या ज्या फ्रेमला भिडतात ती फ्रेम, आणि आवाजाच्या आलेखात जिथं टोक उठतं तो बिंदू. फळी वाजवण्यामागचं एवढंच कारण, पण त्याशिवाय पुढचं सगळं अडतं.

तिला मराठी येत नाही, हे मला आधी अडचणीचं वाटत होतं. बसून पाहिल्यावर ते बळच ठरलं. दिग्दर्शिका वाक्य ऐकत होती, संकलक चेहरा बघत होती. एका ठिकाणी दिग्दर्शिकेला पहिला टेक हवा होता, कारण वाक्य स्वच्छ आलं होतं. संकलक म्हणाली, “इसमें वो अपनी लाइन का इंतज़ार कर रहा है. तीसरे में वो बेटी का इंतज़ार कर रहा है.” तिसऱ्या टेकमध्ये काकांचा एक शब्द अडखळला होता. तोच ठेवला.

संकलनाच्या वर्गात रशियन दिग्दर्शक कुलेशॉव्हचा प्रयोग सगळ्यांना शिकवतात. मॉस्कोत १९१९ साली सिनेमाची शाळा निघाली, आणि कच्च्या फिल्मची इतकी टंचाई होती की कुलेशॉव्ह आणि त्याची मुलं फिल्मशिवायच सिनेमाचे प्रसंग करून दाखवत. त्याच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगात मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडला गेला, आणि प्रेक्षकांना त्यात भूक, दुःख असं निरनिराळं दिसलं. त्या दिवशी टेबलावर तेच होत होतं. काकांचा मोजणारा हात मुलीच्या ‘ठरवलंय’नंतर लावला की बाप कठोर वाटतो. मुलगी खिडकीशी गेल्यावर लावला की तोच हात कासावीस होतो. काकांनी त्यात वेगळं काहीच केलेलं नव्हतं.

दुपारी तिला एकदम उमेश कुलकर्णींचा ‘गिरणी’ हा लघुपट आठवला. तोही ते इथले विद्यार्थी असतानाचा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. घरात आलेल्या पिठाच्या गिरणीच्या आवाजानं त्रासलेला मुलगा. “त्यात गिरणी न दिसता किती वेळ ऐकू येते,” ती म्हणाली, “आणि मी नाणं प्रत्येक वेळी दाखवतेय.” दोन क्लोजअप निघाले. बाप फ्रेममध्ये नसताना फक्त चळतीचा आवाज राहिला.

शाळा पुण्यातच हवी असंही नाही. नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला तो नगरच्या कॉलेजात संज्ञापन शिकताना. आज जिल्ह्याजिल्ह्यांत असे विभाग आहेत, कॅमेरे मिळतात, मोबाइल तर हातातच आहे. तरीही अनेक ठिकाणी एकच मुलगा लिहितो, चित्रित करतो, कापतो आणि अपलोड करतो. यंत्र असूनही त्याला कमी पडतो तो सोबती, ‘हा टेक चुकीचा आहे’ असं तोंडावर सांगणारा. मला वाटतं, गावोगावच्या सिनेमाच्या वर्गांनी सर्वांत आधी जपायला हवी ती हीच गोष्ट. महागडे लेन्स नंतर आले तरी चालतील.

शनिवारचा कट

छोट्या खोलीत शिक्षक, चौघं आणि वर्गातले आठ-दहा जण. फिल्म नऊ मिनिटांची झाली होती. शेवटाला बाप न बघता “सुटे असू देत जवळ” म्हणतो, मुलगी चळत घेते, फ्रेमबाहेर जाते, कडीचा आवाज येतो, आणि टेबलावर उरलेल्या दोन चळतींवर कॅमेरा अकरा सेकंद थांबतो.

दिवे लागल्यावर शिक्षकांनी विचारलं, “हे अकरा सेकंद कोण बघतंय?”

ती म्हणाली, “मुलगी.”

“ती तर गेली. कडी लागली ना?”

“मग बाबा.”

“बाबा फ्रेमच्या डावीकडे बसलेत. हा त्यांच्या डोळ्यांचा शॉट नाही.”

मग खोलीत खडाजंगी झाली. एकजण म्हणाला, वाक्यावरच संपवा. कॅमेऱ्यावरचा मुलगा म्हणाला, शॉटचा उजेड चांगला आहे, ठेवा. यावर शिक्षकांनी मान हलवली. उजेड चांगला आहे म्हणून ठेवलेला शॉट सर्वांत आधी कापावा, असं त्यांचं मत, आणि माझंही. संकलक गप्प होती. ती अकरा सेकंदांच्या विरोधात आधीपासूनच होती. दिग्दर्शिका कागदावर काहीतरी रेघोट्या मारत राहिली. मग तिनं आसामच्या मुलाला विचारलं, “चपलांचा आवाज आहे ना आपल्याकडे? आणि कडीचा, सुटा?”

होता. गुरुवारी सगळे बाहेर असताना घेतलेला. कडी अलीकडे न वाजवता आठव्या सेकंदाला वाजवली तर? पावलं दारापर्यंत जातात, थांबतात, आणि ती थांबली आहे तोवर आपण चळती बघतो. मग तो शॉट दारात थांबलेल्या मुलीचा होतो. संकलक पहिल्यांदा हसली आणि म्हणाली, मग अकरा नाही, नऊ. शिक्षक म्हणाले, “लावून दाखवा.”

चौघं जिन्यानं वर संकलनाच्या खोलीकडे निघाली. ध्वनीवाला चालता चालता सांगत होता, कडीचे तीन टेक आहेत, पहिल्यात त्याचा स्वतःचा श्वास आलाय, दुसरा घ्या.